खटका सांगायचा राहिला

भीमाशंकर दमला होता. आजच दमला होता असं न्हाय. साखर पेठेत कुणालाबी विचारा, हा माणूस कायम दमलेलाच दिसायचा. रातपाळीला दोन माग सांभाळायचे, सकाळी केसांत, भुवयांत, कानांत सुताची पांढरी लव घेऊन घरी यायचं, दोन घास खाऊन आडवं व्हायचं. जरा डोळा लागतोय तवर दारात कुणीतरी उभं.

"भीमाण्णा, ते तुमचं खटका का काय, ते काय असतंय हो?"

मग उठायचं आणि सांगायचं. ही सांगायची पीडा त्याच्या मागं पाच वर्षं लागली होती.

बहात्तरच्या दुष्काळात गावंच्या गावं सोलापुरात आली. कुणी कारखान्यात लागलं, कुणी हमाली धरली. प्रत्येक गल्लीत रोज नवी माणसं. त्यांना ना गल्ली म्हाईत, ना गल्लीतली गंमत. गल्लीत लग्न निघालं, बारसं निघालं की खटका व्हायचा, आणि नव्या माणसाला वाटायचं हितं मारामारी पेटली. एकदा तर एक जण काठी घेऊन मधे पडला. तवापासनं रीतच झाली. बेंजो वाजायच्या आधी भीमाशंकरनं पुढं यायचं, माईक हातात घ्यायचा आणि नवीन माणसाला समजंल असं सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर लोकांना पटत न्हवतं. ढोलवाल्या धुळ्यानं एकदा सांगून बघितलं, तर लोक जास्तच घाबरले.

खटका असा झाला. मागाच्या कारखान्यात बोललेलं ऐकूच येत न्हाय. पन्नास माग एकदम चालतात, भिंत थरथरते, पायाखालची फरशी थरथरते. तितली माणसं ओठ वाचून बोलतात. तोंड मोठं करायचं, शब्द तोडायचा, सूत घेऊन पळणारा धोटा तिकडं गेला की एक शब्द, धोटा हिकडं आला की दुसरा. भीमाशंकर आणि येडू शेजारच्या मागांवर. वेळ जाईना म्हणून एकमेकाला शिव्या द्यायचे, त्या ठेक्यात. ठेक्यात शिवी दिली की शेवट जुळवावा वाटतो. शेवट जुळला की राग येत न्हाय, हसू येतंय. बस्स, एवढंच मूळ.

येडूकडं बेंजो होता. नव्या पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे खाजाभाई होते. त्यांनी बेंजोच्या तारांखाली एक कॉइल बसवली, वायर काढली, ती ॲम्प्लीला जोडली, ॲम्प्ली मोटारीच्या बॅटरीवर. का, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कारखाने, ते काय कुणाच्या लग्नासाठी बंद पडत न्हायत. मागांच्या वर आवाज गेला पायजे. बेंजो असा काय किंचाळला की खाजाभाई स्वतःच म्हणाले, "मियाँ, ये बाजा नै, ये तो इंजन की सीटी है." धुळ्यानं ढोल घेतला. तो ढोलावर दुसरं काय वाजवतच न्हाय, नुसता मागाचा ठेका. खट्-पट्, खट्-पट्. आणि त्याच्यावर भीमाशंकर बोलतो. गात न्हाय. गळाच न्हाय त्याला, सुतानं खाल्लाय. बोलतो, भराभरा, श्वास न घेता.

आणि बोलतो काय? ज्याच्या घरचं कार्य, त्याच्यावरच बोलतो. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याची एखादी खरी खोड काढायची. बोलून झालं की धुळ्या ढोलाचे आठ फेरे वाजवतो. त्या आठ फेऱ्यांत घरच्या कुणीतरी माईक घेऊन जबाब द्यायचा. जबाब आला की खेळ. मग परत भीमाशंकर, परत घरचे, ज्याला सुचलं न्हाय तो हरला. आणि जबाब आलाच न्हाय तर? तर तो अपमान झाला. पण तसं कधी होतच न्हवतं. साखर पेठेत जबाब द्यायला माणसं रांगेत उभी असायची, म्हाताऱ्या बायासुद्धा.

तर ह्या माणसाला त्याच्या बहिणीचा सांगावा आला. साल अठ्ठ्याहत्तर, वैशाख.

बहीण दानम्मा. अकरा वर्षांमागं मैंदर्गीला दिलेली. सासरा सिद्धलिंगप्पा, गुळाचा मोठा दुकानदार, गावात वजन. नवरा शिवप्पा गरीब स्वभावाचा. आता धाकट्या दिराचं, मल्लिकार्जुनचं लग्न. सांगावा असा होता की हितल्या लोकांनी अक्कलकोटचा बँड सांगितला होता, मी म्हटलं माझ्या भावाचीच पार्टी येईल, सोलापुरात लई नाव हाय. मामंजी नको म्हणत होते, मी हट्ट धरला. तर अण्णा, ये. माझी मान खाली जाऊ देऊ नको.

अकरा वर्षांत दानम्मानं भावाकडं काय मागितलं न्हवतं. भीमाशंकरनं तो सांगावा दोनदा ऐकला आणि म्हणाला, "जायाचं."

रातपाळी करून थेट एस्टी स्टँडवर आला. तोंडसुद्धा धुतलं न्हवतं. येडूनं बेंजो मांडीवर घेतलेला, धुळ्यानं ढोल टपावर टाकायला नकार दिलेला, खाजाभाई बॅटरीला कडेवर घेतल्यासारखं धरून बसलेले. गाडी निघाली तसा भीमाशंकरनं खिडकीला डोकं टेकलं. दोन मैल न्हाय झाले, शेजारच्या फेटेवाल्यानं कोपर मारलं.

"पाव्हणं, ही पेटी कसली?"

"ॲम्प्ली."

"म्हंजे भजनाला?"

"भजन न्हाय."

"मग तमाशा?"

"तमाशा न्हाय. बाई न्हाय आमच्यात."

"मग कव्वाली आसंल. हे मियाँभाई हायत की."

खाजाभाई म्हणाले, "चाचा, मैं तो बस तार जोडता."

भीमाशंकरनं डोळे उघडले आणि सांगितलं. माग, धोटा, ठेका, बोलणं, जबाब. फेटेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे भांडणच की. आमच्या घरात फुकट असतंय."

अख्खी गाडी हसली. मग मागच्या बाकावरच्या दोघांना कळलं न्हाय म्हणून त्यांना परत सांगावं लागलं.

अक्कलकोटला गाडी बदलली. तितं कंडक्टरनं अडवलं. बॅटरी कशाला, ढोल कशाला, लगेज कशाचं लावू. परत सांगितलं. मैंदर्गीच्या स्टँडवर उतरले तर न्यायला आलेला गाडीवान म्हणाला, "बँडवाले कुटं हायत?" त्याला मराठी कमी कळायचं, म्हणून भीमाशंकरनं कानडीत सांगितलं. मांडवात पोचले तर लग्न लावायला आलेल्या जंगमस्वामींनी विचारलं, "ह्याच्यात देवाचं नाव कुटं येतंय?" त्यांना जरा जपून सांगितलं. स्वैंपाकी आले, त्यांना सांगितलं. अक्षता पडायच्या आधी भीमाशंकरनं एका सकाळीत सहा वेळा खटका सांगितला होता. त्याच्या घशात वाळू भरल्यासारखं झालं होतं. डोळ्यांपुढं मधेच मांडव हलायचा.

दानम्मा त्याला नीट भेटलीच न्हाय. डोक्यावर पदर, हातात हळदीचं ताट, पळत होती. जाता जाता एवढंच म्हणाली, "आलास. बरं झालं. मल्लूवर बोल, नव्या नवरदेवावर. मामंजींवर नको."

तो म्हणाला, "मोठ्या माणसाला सोडून बारक्यावर बोलायचं? ते बरं दिसत न्हाय दानी. त्येंना वाटंल आमाला किंमतच देत न्हाय."

तिला कुणीतरी हाक मारली, ती गेली.

दुपारी बारा सव्वाबारा. अक्षता पडल्या, पंगतीला अजून वेळ होता. मांडवात दोनशे माणूस बसलेलं. पुढं गादीवर सिद्धलिंगप्पा, पांढरा रुमाल बांधून, मांडीवर हात ठेवून. त्यांनी मान हलवली, म्हणजे सुरू करा.

खाजाभाईंनी वायर जोडल्या. येडूनं तार छेडली. धुळ्यानं भीमाशंकरकडं बघितलं. आता हा पुढं जाणार आणि सांगणार.

भीमाशंकर पुढं गेला. माईक हातात घेतला. समोर दोनशे तोंडं. त्याच्या मनात आलं, आता परत? भजन न्हाय, तमाशा न्हाय, कव्वाली न्हाय, परत तेच? ही तर माझ्या बहिणीच्या घरची माणसं. अकरा वर्षं दानी हितं राहते, तिनं सांगितलं असंलच की. स्वामींना सांगितलंय, स्वैंपाक्यांना सांगितलंय, आता ते सगळीकडं झालं असंल. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बडव रे धुळ्या," तो म्हणाला.

हीच चूक. माणूस दमला की वाईट वागत न्हाय, एखादी पायरी गाळतो. हिनं घात केला.

आणि अजून एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली न्हवती. साखर पेठेत मागं कारखाने चालू असतात. निम्मे शब्द त्या खडखडाटात मुरतात. बोचरा शब्द जाता जाता बोथट होतो. मैंदर्गीत माग न्हवता. एक चिमणीसुद्धा बोलत न्हवती. बेंजो किंचाळला तसं एक लेकरू रडायला लागलं, आणि मग भीमाशंकरचा प्रत्येक शब्द, धुऊन पुसून ठेवल्यासारखा, चारशे कानांत पडला.

"मैंदर्गीचा पेठेवाला, सिद्धलिंगप्पा मोठा,
आढ्यापत्तूर गुळाच्या ढेपा, कशाला न्हाय तोटा.
सून बसलीय चुलीपाशी, च्याचं आटलं पाणी,
गुळाची किल्ली कडदोऱ्याला, मालक बसलाय न्हाणी."

बोलताना दुसऱ्या ओळीला त्याला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दानम्मा दिसली. तिचे ओठ हलले. आवाज न्हाय, नुसते ओठ. मागवाल्याची पोर ती, ओठांवर बोलायला जन्मापासनं शिकलेली. "नको," ती म्हणत होती. "अण्णा, नको." त्यानं वाचलं. पण खटक्यात घरचं माणूस नकोच म्हणत असतंय, म्हणून तो बोलत गेला.

बोलून झालं. धुळ्या फेरे वाजवायला लागला. एक. दोन. तीन. कुणी उठलं न्हाय. साखर पेठेत पहिल्या फेऱ्याला माईकवर झोंबाझोंबी व्हायची. चार. पाच. भीमाशंकरनं माईक पुढं धरलेला, घ्या की म्हणून. दोनशे माणसं त्या माईककडं अशी बघत होती की त्यातनं साप निघंल. सहा. सात. धुळ्याचा हात ढिला पडला. आठवा फेरा वाजलाच न्हाय.

गुळाच्या कोठीची किल्ली खरंच सिद्धलिंगप्पांच्या कमरेच्या कडदोऱ्याला होती. गावाला हे म्हाईत न्हवतं. घरातल्या घरात म्हाईत होतं.

सिद्धलिंगप्पा ओरडले न्हायत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "इद येनप्पा?" म्हणजे हे काय बाबा. मग मराठीत म्हणाले, "किल्लीचं तुला कुणी सांगितलं?"

सगळी मांडवातली तोंडं एकदम दानम्माकडं वळली. शिवप्पानं खाली बघितलं. बायांच्यात कुजबूज सुरू झाली, आणि मागांच्या आवाजापायी भीमाशंकरला ऐकू कमी येत असलं तरी ओठ वाचता येत होते. एक बाई शेजारणीला म्हणत होती, "घरातलं माहेरात न्हेऊन टाकती. बघ की, भावाला आणून सासऱ्याची अब्रू काढली."

दानम्मानं ते सांगितलं होतं हे खरं. पाच वर्षांमागं, ह्या दोघांचे अप्पा वारले तवा. आई रडून रडून बसली होती, खात न्हवती, तर तिला हसवायला म्हणून दानम्मानं सासरची एक गंमत सांगितली होती. मामंजी आंघोळीला गेले की घरातल्या आमी बाया बिनगुळाचा च्या पितो. आई हसली होती. भीमाशंकर दारात बसून ऐकत होता. एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं होतं सासरचं. दुसरं त्याला काय म्हाईतच न्हवतं.

"मामा, चुकलं माझं," तो म्हणाला. "हे आदी सांगायचं असतंय. हा खेळ हाय. आमी बोलतो, तुमी उलट बोलायचं. अपमान न्हाय त्यो."

"नाव घेऊन बोललास की."

"नाव घेतलं तर मान. नाव न्हाय घेतलं तर..."

"माझ्या मांडवात, माझ्या कमरेला काय बांधलंय ते दोनशे माणसाला सांगितलंस. मान?"

"तुमच्यातल्या कुणीबी उलट बोला मामा. माझ्यावर बोला. मी काळा हाय, दात पडलाय, काय वाट्टंल ते बोला. मग त्यो खेळ हुतोय."

मागनं एक म्हातारा म्हणाला, "आता आमाला शिव्या द्यायला शिकवतोय." कुणी हसलं न्हाय.

"आदी सांगायचं असतंय म्हणतोस," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "मग आदी का न्हाय सांगितलंस?"

खरं उत्तर एकच होतं. भीमाशंकरनं तेच दिलं.

"दमलो हुतो."

सिद्धलिंगप्पांनी हातानं खूण केली, पुरे. मग बायांच्या बाजूला वळून म्हणाले, "दानम्मा, हिकडं ये."

येडूनं बेंजो कापडात गुंडाळायला घेतला होता. खाजाभाईंचा हात वायरवर होता. भीमाशंकर तितंच उभा, माईक हातात, आणि त्याला कळत होतं की आपण तर आता चारच्या गाडीनं निघून जाणार. ही हितंच राहणार. उद्या, परवा, दहा वर्षांनी, चुलीपाशी, विहिरीवर, ही किल्लीची गोष्ट हिच्या तोंडावर मारली जाणार. सांगावा काय होता? माझी मान खाली जाऊ देऊ नको.

दानम्मा आली. सासऱ्यांपुढं उभी राहिली, वाकली, पायाला हात लावला. लोकांना वाटलं आता माफी मागंल. ती उठली आणि भावाकडं वळली.

"माईक दे."

"दानी..."

"दे. आठवा फेरा न्हाय झाला अजून. धुळाभाऊ, वाजीव."

धुळ्याला काय कळंना. त्यानं भीमाशंकरकडं बघितलं. भीमाशंकरनं मान हलवली. ठेका सुरू झाला, खट्-पट्, खट्-पट्. दानम्मानं पदर दाताखाली धरला, सोडला, आणि साखर पेठेच्या नळावर जशी बोलायची तशी बोलली.

"मामंजींच्या किल्लीपायी गूळ राहतो घरी,
कुलूप न्हाय तुज्या दारा, डबा पालथा वरी.
न्हाणीत गेला माणूस तरी अंग धुऊन आला,
तू बघ की अण्णा आरशात, कापूस उगवलाय तुला."

पहिल्यांदा एक लेकरू हसलं. भीमाशंकरच्या डोक्यावर, भुवयांवर, कानांत रातपाळीची लव तशीच होती, पांढरी, बोंड फुटल्यासारखी. लोकांनी त्याच्याकडं बघितलं आणि मांडव फुटला. ज्या बाईनं अब्रू काढली म्हटलं होतं तीच तोंडावर पदर घेऊन गदगदत होती. सिद्धलिंगप्पांच्या मिशा हलल्या. त्यांनी कमरेला हात लावून किल्ली चाचपली आणि शेजारच्याला कानडीत काहीतरी म्हणाले, तोबी हसला.

हितंच थांबायला पायजे होतं. जबाब झाला होता, मान राहिली होती. पण धुळ्या रंगात आला, त्यानं ठेका सोडला न्हाय. येडूनं बेंजो परत उघडला. आणि ठेका चालू असला की ज्याच्या हातात माईक त्याचं तोंड थांबत न्हाय, हे आम्हा मागवाल्यांचंच दुखणं हाय. दानम्माचं तोंड थांबलं न्हाय. फक्त आवाज उतरला.

"अकरा झाल्या पंचमी अण्णा, झोके बांधले झाडा,
समद्यांचे भाऊ आले न्ह्यायाला, माझा न्हाय आला गाडा.
'पाळी त्याला सुटत न्हाय', खोटंच सांगत बसले,
वाट बघून डोळे आटले, तरी समद्यांत हसले."

तिनं माईक भावापुढं धरला.

धुळ्या मोजायला लागला. एक.

लोक अजून हसत होते. खेळ कळला होता त्यांना. आता पुढचा जबाब येणार म्हणून पुढं सरकून बसले होते. दोन. तीन.

भीमाशंकरला सुचलं न्हाय असं न्हाय. ह्या माणसाला झोपेतसुद्धा सुचायचं. पहिल्याच फेऱ्याला त्याच्या जिभेवर ओळ आली होती, मैंदर्गीची एस्टी आणि नवऱ्याची मस्ती असं काहीतरी. मांडव परत हसला असता. चार.

पण पंचमीला कारखाना बंद असतो. हे त्याला म्हाईत होतं, तिलाबी म्हाईत होतं. बाकी कुणाला म्हाईत न्हवतं. पंचमीला तो झोपायचा. पहिल्या वर्षी झोपला, दुपारी उठला, म्हणाला आता कुटं जातोस, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या वर्षी जायाला तोंड न्हवतं. तिसऱ्या वर्षी तर न्हवतंच. असं करत अकरा. कुणाशी भांडण न्हाय, काय न्हाय. आणि ती हितं बसून सांगत होती की पाळी सुटत न्हाय, लई मोठ्या कामावर हाय माझा भाऊ. पाच. सहा. सात.

पाच वर्षांत भीमाशंकर कधी हरला न्हवता. आठवा फेरा वाजला आणि तो गप उभा राहिला.

"हरला," येडू म्हणाला, त्याचा स्वतःचाच विश्वास बसंना.

मांडवानं टाळ्या पिटल्या. सिद्धलिंगप्पांच्या सुनेनं सोलापूरच्या माणसाला गप केलं. बायांनी दानम्माला मधे ओढलं, कुणी पाठीवर थाप मारली, मल्लिकार्जुन बाशिंगासकट उठून म्हणाला, "वैनी, आता माझ्यावर." एक म्हातारा विचारत होता की आमी बोललो तर चालंल का. खाजाभाईंनी त्याला माईक कसा धरायचा ते दाखवलं. तो म्हातारा आपल्या व्याह्यावर काय बोलला ते कुणाला कळलं न्हाय, पण हसले सगळे.

भीमाशंकर मागं जाऊन मांडवाच्या खांबाला टेकला. उभ्यानं झोप येत होती आणि येत न्हवती. जरा वेळानं सिद्धलिंगप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

"आत्ता कळलं काय असतंय ते," ते म्हणाले. "तू समद्यांना सांगितलंस म्हणं सकाळपासनं. स्वामी म्हणत हुते. आमालाच तेवढं सांगितलं न्हायस."

"व्हय मामा."

"किल्लीचं काय न्हाय. आता गावाला म्हाईत झालंय तर दुसऱ्या सुनेला बरं पडंल." ते जरा जवळ सरकले. "पोरगी शेवटी बोलली ते. पंचमीचं. ते खेळातलं का खरं?"

भीमाशंकरनं बघितलं. दानम्मा मोठ्या पातेल्यातनं कढी काढत होती, पंगतीची पानं मांडली जात होती. खेळातलं म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्याचाबी मान राहिला असता, तिनं अकरा वर्षं सांगितलेलंबी टिकलं असतं. पण मग तिचं ते बोलणं वाऱ्यावर गेलं असतं. एवढ्या वर्षांत एकदा ती खरं बोलली होती, तेबी ठेक्याच्या आडून.

"खरं हाय," तो म्हणाला. "पंचमीला कारखाना बंद असतोय. मी झोपून राहायचो. ती तुमाला जे सांगत हुती ते मला झाकायला."

सिद्धलिंगप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकून परत बांधला. मग म्हणाले, "आमच्या घरात म्हणायच्या बाया, हिला माहेर न्हाय म्हणून. मीबी म्हटलोय. एकदा दोनदा न्हाय, लईदा."

"म्हणणारच की."

"जेवून घे," ते म्हणाले आणि गेले.

पंगत बसली. येडू, धुळ्या, खाजाभाई एका ओळीत, भीमाशंकर टोकाला. दानम्मा कढी वाढत आली. त्याच्यापुढं वाकली.

"तेवढं बोलायचं न्हवतं मला," ती हळू म्हणाली. "धुळाभाऊ ठेका सोडंना."

"बरं बोललीस."

"तू गप का बसलास? सुचलं न्हाय?"

"सुचलं हुतं."

तिनं कढी वाढली. जरा जास्तच पडली, भाताच्या आळ्यातनं बाहेर आली.

"पंचमीला येतो," तो म्हणाला.

"कवा?"

"हीच. श्रावणातली."

"येतो म्हणणारे लई बघितले."

"आदल्या दिवशी रातपाळी असंल. खाडा करीन. सकाळची पहिली गाडी धरतो, दुपारपत्तूर हितं. चारच्या गाडीनं दोघं जाऊ."

"पोरं हायत माझी दोन."

"मग चौघं."

"खाडा करशील तू?"

"करीन."

दानम्मानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. ओठांकडं न्हाय, डोळ्यांकडं. त्याचे डोळे लाल झाले होते, जाग्रणानं म्हणा, कशानंबी म्हणा.

"बघू," ती म्हणाली आणि पातेलं उचलून पुढच्या पानावर गेली. अजून दीड ओळ वाढायची राहिली होती.